एकदा बंद करून चालू करून बघा

जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या वरिष्ठ न्यायालयाला 2020 साली एका विचित्र प्रश्नाचा निवाडा करावा लागला: चालत्या गाडीत वायपरचा वेग वाढवणं हा गुन्हा होऊ शकतो का? झालं होतं असं. आदल्या वर्षी एक गृहस्थ भर पावसात आपली टेस्ला घेऊन चालले होते. पाऊस वाढला म्हणून त्यांनी वायपर जरा जोरात लावायचं ठरवलं. जुन्या कुठल्याही गाडीत यासाठी स्टिअरिंगमागची दांडी बोटाने ढकलायची असते, डोळ्यांना त्याची खबरही लागत नाही. या गाडीत मात्र मधल्या पडद्यावरचं वायपरचं चिन्ह शोधायचं, ते दाबायचं, मग उघडलेल्या यादीतून हवा तो वेग निवडायचा. गृहस्थ यादीत रमले आणि गाडी रस्ता सोडून आधी एका फलकावर आणि मग झाडांवर गेली. न्यायालय म्हणालं, पडदा गाडीतच बसवलेला असला तरी ते इलेक्ट्रॉनिक उपकरणच. गाडी चालवताना मोबाइल बघणाऱ्याला जो नियम, तोच याला. दंड 200 युरो आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

पावसात वायपर लावला म्हणून त्या गृहस्थांवर महिनाभर छत्री घेऊन पायी फिरायची पाळी आली.

यात मोटरने कसलीच कुरकुर केली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवं. इलेक्ट्रिक गाडीची मोटर सहसा करत नाहीच. क्लच प्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही, इंजिन ऑइल नाही, सायलेन्सर सडायची भीती नाही. पेट्रोलच्या इंजिनात शेकड्यांनी भाग वरखाली आणि गोल फिरत असतात; इथे फिरतो तो मुख्यतः एक रोटर. जन्मभर पिस्टन आणि रिंगा बदलून घर चालवलेला मिस्त्री अशा गाडीचं बॉनेट उघडतो, आत डोकावतो आणि पोऱ्याला चहा सांगतो. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं खपून माणसाने मोटारीतलं जे जे बिघडण्यासारखं होतं ते एकदाचं काढून टाकलं. आणि मग जे कधी बिघडतच नव्हतं, ते खटके, त्या दांड्या, दाराची हँडलं, डॅशबोर्डच्या खणाची कडी, हे सगळं मोठ्या हौसेने बिघडण्याच्या लायकीचं करून ठेवलं.

अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही ग्राहकसंस्था दरवर्षी सभासदांना त्यांच्या गाड्यांची दुखणी विचारते. 2023 च्या पाहणीत इलेक्ट्रिक गाड्यांची दुखणी पेट्रोल गाड्यांपेक्षा 79 टक्क्यांनी जास्त निघाली. पुढच्या वर्षी हा फरक 42 टक्क्यांवर उतरला, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तक्रारींत बॅटरी होती, चार्जिंग होतं आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्सही होती. पडदे आता पेट्रोल गाड्यांतही आले आहेत, नाही असं नाही. पण इलेक्ट्रिक गाडी म्हणजे भविष्य, आणि भविष्यात बटण शोभत नाही, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं दिसतं.

ठरवणारा हा इसम शोरूममध्ये कधी भेटत नाही. तिथे भेटतो तो शर्ट इन केलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता. रविवारची सकाळ, बाणेर असो की ठाणे, दृश्य तेच. काका, काकू आणि ज्याच्या शब्दावर गाडी ठरणार आहे तो चिरंजीव. काका जुन्या सवयीने टायरला बुटाची एक हलकी लाथ मारून बघतात. विक्रेता त्यांना अदबीने आत बसवतो आणि पडदा चालू करतो.

"काका, हे बघा. साडेबारा इंचांचा आहे जवळजवळ. अँबियंट लाइटचा कलर इथून चेंज होतो. ह्याच्यात तुम्ही पिक्चर पण बघू शकता."

"चालवताना?"

"नाही नाही, गाडी उभी असताना. चार्जिंगला लावली की."

"बरं. एसी कुठून वाढवायचा?"

विक्रेता एक ठिकाणी बोट टेकवतो. काही होत नाही. शर्टाला बोट पुसून पुन्हा टेकवतो. काकांच्या पायाशी गार झोत सुरू होतो, वर चेहऱ्याला मात्र घाम तसाच.

"आणि हे बंद पडलं तर?"

"पडत नाही, काका. पडलंच, तर एकदा बंद करून चालू करून बघायचं."

काकू मागच्या सीटवर मान डोलावतात. हे वाक्य त्यांनी केबलवाल्याकडून, वायफायवाल्याकडून आणि पासबुक छापणाऱ्या मशीनसमोर उभ्या असलेल्या शिपायाकडून ऐकलेलं आहे. त्या तिन्ही प्रसंगी त्या ताशी शून्य किलोमीटर वेगाने उभ्या होत्या, एवढाच काय तो फरक.

विक्रेत्याचाही दोष नाही. गिऱ्हाइकालाच आता पडदा लागतो. 2023 च्या सप्टेंबरात टाटांची नवी नेक्सॉन ईव्ही आली ती 12.3 इंची पडदा मिरवत. चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सईव्ही 9ई पुढच्याच वर्षी जाहीर झाली. तिच्या डॅशबोर्डावर तसले तीन पडदे ओळीने आहेत, एक खास शेजारी बसणाऱ्यासाठी. हल्ली गाडीचं माहितीपत्रक वाचताना मध्येच पहिलं पान उलटून बघावं लागतं, की आपण दिवाळीच्या सेलमधला टीव्ही तर बघत नाही ना.

पडद्याची ही हौस टेस्लाने लावली असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. 1986 साली जनरल मोटर्सने ब्यूक रिव्हिएरा या गाडीच्या डॅशबोर्डात चक्क एक चिमुकला टीव्ही बसवला होता. आत जुन्या टीव्हीसारखी काचेची नळी, वर हिरवी अक्षरं, आणि दाबायचं ते बोटाने, थेट काचेवर. रेडिओ, हवा, प्रवासाचा हिशेब, सगळं त्यातून. आपल्याकडे त्या काळात प्रीमियर पद्मिनीचा चोक ओढून गाडी सुरू करणाऱ्याकडे शेजारपाजारचे लोक मानाने बघत, तेव्हा तिकडचा ब्यूकवाला रेडिओचा आवाज कमी करण्यासाठी रस्त्यावरची नजर काढून टीव्हीकडे बघत होता. गिऱ्हाइकं इतकी वैतागली की 1990 च्या मॉडेलमध्ये पडदा गायब झाला आणि बटणं परत आली. त्या चार वर्षांत जो धडा मिळाला तो मोटारउद्योगाने नीट जपून ठेवला असावा, कारण पुढे तो कुणालाच सापडला नाही.

2012 मध्ये टेस्लाची मॉडेल एस आली आणि तिच्याबरोबर डॅशबोर्डाच्या मधोमध उभा 17 इंची पडदा आला. बघणाऱ्यांची तोंडं उघडी राहिली. इतर कंपन्यांची तोंडं जरा वेगळ्या कारणाने उघडी राहिली, कारण त्यांनी हिशेब केला. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, मागे दिवा लागतो, ते बसवायला माणूस लागतो, आणि डिझाइन गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी कायमचं ठरवून टाकावं लागतं. पडद्यावरच्या बटणाला यातलं काही लागत नाही. त्यात अमेरिकेने 2018 च्या मे महिन्यापासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा केला. कॅमेरा आला म्हणजे पडदा आलाच; आणि पडदा घ्यायचाच आहे तर तीस-चाळीस बटणं त्यातच का ढकलू नयेत? अशी ही काटकसर. पण ती 'काटकसर' म्हणून विकता येईना, म्हणून तिला 'प्रीमियम' म्हणायचं ठरलं. पोर्शने 2019 मध्ये टायकान काढली, तिच्यात तर एसीच्या झोताची दिशासुद्धा पडद्यावरून फिरवायची. बोटाने जाळी वळवणं हे बहुधा गरिबांचं काम असावं.

मॉडेल एसच्या त्या देखण्या पडद्याची पुढची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. पडद्यामागे एनव्हिडियाची टेग्रा 3 चिप होती आणि तिच्या सोबतीला 8 जीबीची एक फ्लॅश मेमरी. फ्लॅश मेमरी म्हणजे शाळेतली पाटी: लिहा, पुसा, पुन्हा लिहा. पण दर पुसण्यागणिक ती कणभर झिजते, आणि साधारण 3000 वेळा पुसून झाली की पुढे अक्षर उमटत नाही. एवढ्यानेही काही बिघडलं नसतं. पण गाडीचा संगणक निघाला कमालीचा रोजनिशीबाज. काय चालू झालं, काय बंद झालं, कुठल्या क्षणी कुणी काय विचारलं, सगळ्याची नोंद अहोरात्र त्याच पाटीवर. पाच-सहा वर्षांत पाटी गुळगुळीत झाली आणि एके दिवशी पडदा काळा पडला.

पडदा काळा पडला म्हणजे फक्त गाणी गेली असं नव्हे. मागचा कॅमेरा गेला. काचेवरचं धुकं घालवण्याची सोय गेली. इंडिकेटरची टिकटिकसुद्धा गेली, कारण तीही खरी टिकटिक नव्हतीच, संगणकाने स्पीकरमधून काढलेला तो आवाज होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने 2021 च्या जानेवारीत गाड्या परत बोलवायला सांगितलं. टेस्लाने आधी युक्तिवाद केला की, असला भाग गाडीच्या आयुष्यभर टिकावा ही अपेक्षाच व्यवहार्य नाही, आणि मग फेब्रुवारीत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या मुकाट्याने बोलावल्या. टायर झिजतात, ब्रेकचे लायनर झिजतात, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. लिहून लिहून मोटार झिजते, हे साहित्यिकांच्या वर्तुळाबाहेर प्रथमच घडलं.

टेस्लाच्या मालकांना यावरचा घरगुती उपाय तोंडपाठ असतो. स्टिअरिंगवरची दोन्ही चाकं एकदम दाबून धरायची, पडदा विझेपर्यंत सोडायची नाहीत, मग हात जोडून थांबायचं. गाडी चालू असतानाही हे करता येतं. तेवढा वेळ वेग किती, चार्जिंग किती, कुठे चाललो आहोत, या ऐहिक प्रश्नांपासून माणूस मुक्त असतो.

2022 च्या मे महिन्यात आणखी सुमारे 1 लाख 30 हजार टेस्लांना दवाखाना दाखवावा लागला. फास्ट चार्जिंग चालू असताना आतला संगणक पुरेसा थंड होत नव्हता, तापला की पडदा मंदावे किंवा विझे. हे अमेरिकेतलं. चंद्रपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या केलेल्या गाडीत माणूस बसत नाही, स्टिअरिंगला टॉवेल गुंडाळतो. काचेखाली उताणा तापणाऱ्या त्या काळ्या पडद्याची कणव यावी.

'दवाखाना दाखवला' हेही आता म्हणायचं म्हणून. बहुतेक वेळा गाडी जागची हलत नाही. रात्री इंटरनेटवरून औषध येतं आणि सकाळी ती बरी झालेली असते. त्यामुळे परत बोलावण्याची कारणंही नाजूक होत चालली आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत टेस्लाने अमेरिकेतल्या जवळजवळ 22 लाख गाड्या कागदोपत्री परत बोलावल्या, कारण पडद्यावरची ब्रेकच्या इशाऱ्याची अक्षरं नियमातल्या 3.2 मिलिमीटरपेक्षा लहान होती. चाळिशी लागलेल्या तमाम वर्गाने या निर्णयाचं स्वागत करायला हवं होतं. त्याआधी, 2022 च्या फेब्रुवारीत, सुमारे 5 लाख 79 हजार गाड्यांचं कारण याहून सरस होतं. इलेक्ट्रिक गाडी हळू चालताना आवाज करत नाही, म्हणून पादचाऱ्यांना चाहूल लागावी यासाठी कायद्याने तिला बाहेरून एक हलका आवाज काढावा लागतो. टेस्लाने विचार केला, स्पीकर बाहेर आहेच, तर मालकाला हवा तो आवाज काढू द्यावा. यादीत बोकडाचं बेंबें होतं, आइस्क्रीमच्या गाडीचं गाणं होतं आणि अपानवायूही होता. या कलाविष्कारात खरा इशारा बुडून जातो, असा आक्षेप सुरक्षा विभागाने घेतला. एका सरकारी खात्याला याची रीतसर फाइल करावी लागली, टिपणं लिहावी लागली, सह्या कराव्या लागल्या. तो कागद ज्याच्या टेबलावरून पहिल्यांदा पुढे सरकला त्या कारकुनाचा चेहरा बघायला हवा होता.

घरबसल्या औषधाचे उलटेही परिणाम होतात. 2023 च्या नोव्हेंबरात रिव्हियन या अमेरिकन कंपनीने आपल्या गाड्यांना एक अपडेट पाठवलं आणि काही गाड्यांचे पडदे मेले. कंपनीच्या सॉफ्टवेअर प्रमुखाने कारण प्रांजळपणे सांगितलं: कुणाच्या तरी बोटाची चूक, चुकीच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची आवृत्ती रवाना झाली. गाड्या चालत होत्या, पण वेग किती ते दिसत नव्हतं. काहींना तर दुरुस्तीसाठी माणूस लागणार होता. पूर्वी चुकीचं बोट लागलं तर फार तर एका गाडीचा रेडिओ लागायचा. पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने, म्हणजे ब्यूकच्याच घराण्याने, नव्याकोऱ्या शेव्हरले ब्लेझर ईव्हीची विक्री सॉफ्टवेअरच्या भानगडींमुळे थांबवली. एका मोटार-परीक्षक संस्थेच्या गाडीत एकाच वेळी 23 बिघाड नोंदवले गेले होते. व्होल्वोने 2024 मध्ये सुमारे 72 हजार ईएक्स30 गाड्यांत दुरुस्ती केली; त्यांचा वेगदर्शक सुरू होताना चाचणीच्या अवस्थेत अडकू शकत होता. या गाडीत चालकासमोर वेगळा काटा नाही. जे काही आहे ते मधल्या एकमेव पडद्यावर.

पण पडद्याहून मोठा विनोद बॉनेटखाली दडलेला आहे. ह्युंदाईची आयोनिक 5 घ्या. भारतात आली तिच्या पोटात 72.6 किलोवॅट-तासांची बॅटरी आहे; मध्यमवर्गीय घराचे दिवे, पंखे, फ्रिज पंधरवडाभर चालावेत एवढी वीज. आणि तरीही ही गाडी सुरू होते ती एका साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर, जशी काकांच्या जुन्या सँट्रोत होती. पडदा, दारं, संगणक, मोठ्या बॅटरीला जागं करणारा खटका, सगळा कारभार या छोटीच्या हाती. मोठीने छोटीला चार्ज करत राहायचं अशी व्यवस्था असते आणि ती सांभाळणाऱ्या भागाला म्हणतात आयसीसीयू. हा भागच दगा देऊ लागला. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ह्युंदाई, किया आणि जेनेसिसच्या मिळून जवळजवळ दीड लाख गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी भारतात आयोनिक 5 च्या 1744 आणि किया ईव्ही6 च्या 1138 गाड्या. छोटी बसली की मोठी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी म्हणजे पार्किंगमधली एक महागडी खोली. अशा वेळी पंधरवडाभर घर चालेल एवढी वीज पोटात घेऊन उभ्या असलेल्या गाडीला कुणाच्या तरी खटाऱ्या डिझेल जीपवरून वायर जोडून जंप-स्टार्ट द्यावा लागतो. जीपवाला त्या वेळी काही बोलत नाही, नुसता हसतो.

छोटी बसली की दारंही रुसतात. टेस्लाने हँडल दारात लपवण्याची फॅशन आणली. हवेचा अडथळा कमी होतो हे शास्त्रीय कारण, आणि भारी दिसतं हे खरं कारण. 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सुरक्षा विभागाने 2021 च्या सुमारे 1 लाख 74 हजार मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली, कारण 12 व्होल्टची बॅटरी क्षीण झाली की बाहेरची हँडलं उघडेनात. आईबाप बाहेर, लेकरं आत, आणि काहींना काच फोडावी लागली. इथे हसू थांबतं. चीनने मग सरळ नियम केला: 1 जानेवारी 2027 पासून दाराला आतून-बाहेरून हाताने उघडणारी यांत्रिक कडी हवीच. माणसाने कडीचा शोध लावून काही हजार वर्षं झाली. तिला कायद्याचं संरक्षण आता मिळालं.

पडद्यावरचा विश्वास खऱ्या अर्थाने पारखला जातो तो आपल्या पावसाळ्यात. तेच काका, नवी गाडी, जुलैचा शनिवार, खंडाळ्याचा घाट. बोगद्यातून बाहेर पडता पडता समोरची काच धुक्याने पांढरी होते. जुन्या सँट्रोत काकांचा डावा हात न बघता ब्लोअरच्या खटक्यावर जायचा. आता तिथे गुळगुळीत काळी काच आहे. काका एक डोळा कंटेनरवर आणि एक पडद्यावर ठेवून बोट नेतात. घाटातल्या खड्ड्याने बोट चार अंगुळं सरकतं आणि काचेचं धुकं तसंच राहून अँबियंट लाइट जांभळा होतो.

"अहो, पुढे बघा!" काकू.

"बघतोय कुठे, दिसतंय कुठे! तू जरा तो पंख्यासारखा दाब."

"कुठला? इथे तीन पंखे आहेत."

"बाण वर गेलेला."

"तो दाबला तर सीट गरम व्हायला लागली."

"परत दाब!"

"अजून गरम झाली."

मागून चिरंजीव कानातले बोळे काढून सांगतात, "आई, व्हॉइस कमांड दे ना." काकू खणखणीत मराठीत पडद्याला काचेवरचं धुकं घालवायला सांगतात. पडदा नम्रपणे लोणावळ्यातली चिक्कीची दुकानं दाखवतो. शेवटी काकू कंचुकीतला रुमाल काढून काच आतून पुसतात. या पद्धतीला अपडेट लागत नाही.

काकांचा हा अनुभव स्वीडनमध्ये मीटरात मोजून झालेला आहे. 'व्ही बिलॅगारे' या मोटार-मासिकाने 2022 मध्ये अकरा नव्या गाड्या आणि एक 2005 ची व्होल्वो व्ही70 एका बंद धावपट्टीवर नेली. ताशी 110 किलोमीटर वेगाने जाताना चालकाने काही साधी कामं करायची: सीट गरम करणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं, काचेवरचं धुकं घालवणं, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणं, वगैरे. सराव आधीच करू दिला होता. सतरा वर्षांच्या म्हाताऱ्या व्होल्वोत हे सगळं दहा सेकंदांत उरकलं. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. एमजीच्या मार्व्हल आर या इलेक्ट्रिक गाडीत त्याच कामांना 44.9 सेकंद लागले आणि गाडी 1372 मीटर पुढे निघून गेली. जवळजवळ दीड किलोमीटर. दादर टीटीला पडद्याकडे बघायला सुरुवात केली तर माटुंगा मागे पडल्यावर मान वर करायची, असा हा मामला.

आता वारं फिरलं आहे. फोक्सवॅगनने आयडी.3 मध्ये आवाज आणि तापमानासाठी स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या होत्या, त्याही दिव्याशिवाय. रात्री त्या चाचपडून शोधाव्या लागत. फोक्सवॅगन ब्रँडचे प्रमुख थॉमस शेफर यांनी यामुळे बरंच नुकसान झाल्याचं कबूल केलं, आणि डिझाइनचे प्रमुख आंद्रेआस मिंट यांनी 2025 मध्ये जाहीर केलं की, आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना यापुढे प्रत्येक गाडीत खरी बटणं असतील. ह्युंदाईच्या अमेरिकेतल्या डिझाइनरांनीही सांगून टाकलं की, घाईच्या वेळी हवी ती गोष्ट हाताला लागली नाही की चाचणीला बोलावलेली माणसं चिडतात. हे शोधायला माणसं बोलवावी लागली, हे विशेष. आणि आयफोन घडवून साऱ्या जगाला काचेवर बोट घासायला लावणारे जॉनी आइव्ह यांनी फेरारीच्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीचं अंतरंग रचलं, ते 2026 च्या फेब्रुवारीत लोकांसमोर आलं. त्यात काय असावं? खटके, बटणं आणि फिरवायच्या कळा. आता बटण खऱ्या अर्थाने प्रीमियम झालं.

टेस्लाने मॉडेल 3 मधली इंडिकेटरची दांडी 2023 मध्ये काढून तिच्या जागी स्टिअरिंगवर दोन बटणं दिली होती. स्टिअरिंग फिरलं की बटणंही फिरणार. चौकातल्या गोल वळणावर मधेच डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे ठरवायला डोकं शांत लागतं. 2025 च्या नव्या मॉडेल वायमध्ये मात्र दांडी मुकाट्याने कायम ठेवली. हीच गाडी त्या वर्षीच्या जुलैत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात विकायला आली, साधारण 60 लाखांना. गिअर मात्र तिच्यातही पडद्यावर बोट सरकवूनच टाकायचा. पडदा विझला तर? त्याची सोय छतावर, आरशाच्या वरच्या पट्टीत केलेली आहे. आडवेळी माणूस नाहीतरी वरच बघतो. डॅशबोर्डचा खणही पडद्यावरूनच उघडतो, त्यामुळे वाकोल्याच्या सिग्नलला हवालदाराने कागद मागितले तर "साहेब, जरा थांबा, मेनू उघडतोय" म्हणावं लागेल, आणि साहेबांनी आजवर ऐकलेल्या सबबींत ही नवीन असेल.

युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून नियम घट्ट केले आहेत. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर पाच गोष्टींना हाताला लागणारं खरं बटण किंवा दांडी द्या: इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, मदतीची हाक आणि हॉर्न. हॉर्न या यादीत घालावा लागला याचं आपल्याकडच्या माणसाला नवल वाटेल, पण त्यालाही इतिहास आहे. 2021 च्या मॉडेल एसमध्ये टेस्लाने हॉर्न स्टिअरिंगच्या मधून उचलून बाजूच्या एका चिमुकल्या स्पर्शी चौकोनात नेऊन ठेवला होता. ऐनवेळी तो कुणाला सापडेना. पुन्हा मधोमध यायला त्याला 2023 उजाडलं. हा प्रयोग पुण्यात लक्ष्मी रोडवर झाला असता, तर संध्याकाळपर्यंत निकाल लागला असता.